चार शब्दांची किंमत

आमच्या अंजनवेलला दिवाळीच्या दिवसांत एक ठरलेला कार्यक्रम असतो. फराळ झाला, ऊन कलले, की टाळकेश्वराच्या देवळाकडे फिरायला जायचे. शेजारी दीपगृह, खाली खाडीचे तोंड, पलीकडे दाभोळ. ह्या वाटेवर एक घर लागते. तिथे आल्यावर माझी पावले आजही थोडी अडखळतात.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या घरचा कर्ता पुरुष खलाशी होता. वयाने वडील, म्हणून मी त्याला दादा म्हणे. माणूस मनाचा मोठा. पण दारू लागली होती. नरकचतुर्दशीच्या सकाळी वहिनी परसदाराने आल्या आणि म्हणाल्या, “भावोजी, तुम्ही शाळेत शिकवता. तुमचं ऐकतील. ह्यांना चार शब्द सांगा.” मी सांगितले. चार नव्हे, चारशे. संसार, मुले, घराण्याची इभ्रत, सारे काढले. दादा मान खाली घालून ऐकत होता. माझे संपल्यावर एवढेच म्हणाला, “मास्तर, हे मला ठाऊक नाही असं वाटतं का तुम्हाला?”

दोन पावसाळ्यांनंतर तो गेला. मी मात्र बरीच वर्षे समाधानात होतो, की आपण आपले कर्तव्य केले.

दारुडा दोषी की रोगी, हा वाद आपण हौसेने घालतो. कायद्याने एके काळी ह्याचे उत्तर देऊन टाकले होते. १९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला आणि पिणारा गुन्हेगार ठरला. गंमत अशी, की परवाना मिळे तो प्रकृतीस्वास्थ्यासाठी दारू आवश्यक आहे अशा कारणाने! म्हणजे कायद्याच्या लेखी दारूने प्रकृती राखणारा माणूस होता. दारूने आजारी पडलेल्याला बरे कसे करायचे, हा प्रश्न मागेच राहिला. दुसरे उत्तर ‘रोगी’ असे. आमच्या जिल्ह्यात रत्नागिरीला १८८६ पासून मनोरुग्णालय आहे. पण ‘ह्याला रत्नागिरीला पाठवा’ हे वाक्य कोकणात उपचारापेक्षा चेष्टेतच अधिक वापरले गेले. दोषी म्हटले तरी आपण दार लावतो, रोगी म्हटले तरी लावतो. फक्त कडी वेगळी.

ह्या वादाच्या बाहेरचा प्रश्न आपल्या शेजारी, गोव्यात, विचारला गेला. तिथे ‘संगाथ’ ही संस्था मानसिक आरोग्याचे काम करते. तिच्या संस्थापकांपैकी डॉ. विक्रम पटेल हे २०१४ सालच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य धोरणाची आखणी करणाऱ्या गटातही होते. ह्या मंडळींनी विचारले ते असे: पिणाऱ्याशी कोणी, काय आणि किती वेळ बोलले तर त्याचा खरोखर उपयोग होतो?

गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, अपायकारक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांची त्यांनी निवड केली. व्यसन पार हाडीमासी खिळलेल्यांसाठी ही योजना नव्हती. त्याच्या अलीकडच्या पायरीवरच्यांसाठी होती. नेहमीचे उपचार सर्वांनाच. मात्र चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निम्म्यांना समुपदेशनही मिळाले. समुपदेशक डॉक्टर नव्हते. शिकवून तयार केलेली साधी माणसे होती. बैठका फार तर चार, प्रत्येकी अर्ध्यापाऊण तासाची. निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. तीन महिन्यांनंतर, समुपदेशन मिळालेल्यांपैकी शेकडा ३६ जण धोक्याच्या रेषेखाली आले होते. न मिळालेल्यांपैकी २६.

वाचक म्हणतील, चिठ्ठ्या टाकून माणसाला मदत द्यायची हा कुठला न्याय? मलाही प्रथम तसेच वाटले. पण मग माझे चारशे शब्द आठवले. त्यांचा उपयोग होतो की अपाय, हे मी कधी पडताळून पाहिले होते? आपल्या उपदेशाची परीक्षा कोणी घेत नाही, म्हणून तर तो इतका ऐटीत असतो. ‘मला ठाऊक नाही, म्हणून मी मोजून पाहतो,’ असे म्हणणाऱ्यापाशी जी नम्रता आहे, ती माझ्या सद्भावनेत नव्हती.

आणि ह्या मंडळींचा प्रामाणिकपणा पाहा. पुरुषांचे पिणे काही अंशी थांबले, परंतु घरातल्या बायकोला होणारी मारहाण त्यामुळे कमी झाल्याचे दिसले नाही, हेही त्यांनी त्याच लेखात नोंदवले. आपले यश सांगताना वहिनींचे दुःख शिल्लक आहे हे लिहिणे, ही मला लहान नीती वाटत नाही.

अर्थात शेकड्यांच्या हिशेबाला मर्यादा आहे. शंभरांत दहा अधिक सावरले, हे सरकारला पुरेसे असावे. त्यावरून कोणत्या केंद्रात कोणाला नेमावे हे ठरते. वहिनींपाशी शंभर नवरे नव्हते. त्यांना आकडा नको होता, माणूस हवा होता. पण आकड्यावाचून तो माणूस गावात येणार तरी कसा? २०१९ सालच्या केंद्र सरकारच्या पाहणीनुसार, दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर अडतीस माणसांत एकालाच कसलीतरी मदत मिळते. सदतीस दारांशी माझ्यासारखे मास्तर उभे असतील, आपापले चारशे शब्द घेऊन.

आज मागे पाहताना वाटते, वहिनींनी मागितलेले चार शब्द उपदेशाचे नसावेतच. ‘केव्हापासून?’ ‘कशाने?’ ‘सोडून पाहिलीस तेव्हा काय झाले?’ ‘मी काय करू?’ असेच काहीसे ते असणार. ते विचारायला विद्वत्ता लागत नाही, हेच गोव्यातल्या त्या साध्या समुपदेशकांनी दाखवले. ते शिकावे मात्र लागतात, आणि शिकवणारा गावोगाव पोचवणे हे राज्यकर्त्यांचे काम आहे. तोवर, १४४१६ ह्या सरकारी दूरध्वनीवर मनाचे दुखणे विनामूल्य सांगता येते, एवढे तरी घराघरांत ठाऊक असावे.

काल संध्याकाळी त्या घरावरून गेलो. वहिनी ओटीवर पणत्या लावीत होत्या. मला पाहून म्हणाल्या, “या भावोजी, बसा.” ह्या वेळी मी बसलो, आणि बराच वेळ त्यांचेच ऐकत राहिलो.