वाटखर्च

दानधर्माविषयीं आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे. अन्नदान, विद्यादान, भूमिदान यांचीं फळें सांगणारे ग्रंथ आहेत, आणि मोठ्या देणग्यांच्या पाट्याहि जागोजागीं लागलेल्या दिसतात. परंतु दरमहा थोडथोडें, गाजावाजा न होतां, घरांतल्या घरांत जें द्यावें लागतें त्याच्या नीतीचा विचार फारसा कोणी केलेला दिसत नाहीं. परगांवीं शिकणाऱ्या भाच्या-पुतण्याचें बसभाडें ही बाब तर इतकी क्षुल्लक वाटते कीं, तिच्यावर निबंध लिहावा हेंच कित्येक वाचकांस हास्यास्पद वाटेल. दोन वर्षांपूर्वीं आम्हांसहि तसेंच वाटलें असतें. मध्यंतरीं जें घडलें त्यानें आमचें मत बदललें, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचा एक भाचा पुण्यास शिकतो. त्याचें घर वर्धा जिल्ह्यांत, आर्वी तालुक्यांतल्या एका खेड्यांत. वडिलांची शेती कोरडवाहू, कपाशी आणि तूर हींच काय तीं पिकें. त्याला प्रवेश मिळाला तेव्हां शुल्काचा मोठा वाटा आम्हीं उचलला, आणि ती गोष्ट चार नातेवाइकांत बोललीहि गेली. कॉलेज शिवाजीनगर भागांत होतें. जवळपास खोली परवडेना, म्हणून तो तिघां मित्रांसमवेत वारज्यास राहूं लागला. तेथून कॉलेज पांचएक मैल. बसभाड्यास काय लागेल तें त्यानें दरमहा कळवावें, आम्हीं तें पाठवावें, आणि व्यवहाराची शिस्त लागावी म्हणून त्यानें मागील महिन्याचा हिशेब द्यावा, असें ठरलें होतें. दुसऱ्या वर्षाच्या आरंभीं एका महिन्याचा आंकडा नेहमींपेक्षां जास्त निघाला, तेव्हां आम्हीं विचारलें, "एवढा कुठें कुठें फिरत होतास?" प्रश्न निम्मा थट्टेचाच होता. त्यानें उत्तर दिलें नाहीं. पुढील महिन्यापासून त्याची मागणी बंद झाली, आणि मुलगा काटकसर शिकला असें समजून आम्ही संतुष्ट झालों.

सहामाही परीक्षेच्या वेळीं खरा प्रकार कळला. सकाळच्या प्रात्यक्षिकांस त्याची हजेरी अपुरी भरली होती, आणि त्या विषयांच्या परीक्षेस त्याला बसतां आलें नाहीं. पांच मैल चालत जावयाचें आणि पांच मैल चालत यावयाचें, असा क्रम त्यानें चार महिने चालविला होता. भर पावसांत सकाळचा पहिला तास गांठणें त्याला अनेकदां साधलें नाहीं. दिवाळींत तो घरीं आला असतां आम्हीं रागानेंच विचारलें, "पैसे नव्हते तर कळवलें कां नाहींस?" तो खालीं मान घालून म्हणाला, "मामाजी, पैसे तुम्ही दिलेच असते. पण दर वेळीं मागायला, आणि मग कुठें गेलों तें सांगायला, मन धजत नव्हतं."

या उत्तरानें आम्ही निरुत्तर झालों. आम्हीं त्याला कांहीं नाकारलें नव्हतें. दार उघडेंच होतें. फक्त दर महिन्यास तें त्यानें ठोठवावें अशी आमची अपेक्षा होती. तेव्हां प्रश्न असा उभा राहिला कीं, देण्याची इच्छा असूनहि देणाऱ्याच्या हातून अन्याय होऊं शकतो काय? होत असेल तर तो कोठें होतो?

प्रथम व्यवहाराची बाजू पाहूं. शेतकऱ्याच्या घरीं पैसा वर्षांतून एकदां येतो. कापूस वेचून बाजारांत गेला कीं चार दिवस हात ओला होतो; त्यांतून बियाण्या-खताची उधारी, सोसायटीचें कर्ज, लग्नकार्य हें सारें भागवावयाचें असतें. शहराचा खर्च मात्र रोज उजाडतो. या दोन काळांमध्यें जें अंतर आहे तें आर्वी आणि पुणें यांच्यामधल्या अंतरापेक्षां मोठें आहे. त्यांत पासाचा न्याय निराळाच. सुट्या तिकिटांपेक्षां पास स्वस्त पडतो हें सर्वांस ठाऊक आहे. पण पासाचे पैसे आरंभींच एकरकमी मोजावे लागतात. रेल्वेचा तिमाही पास मासिक पासाच्या तिप्पट किंमतीस न मिळतां २.७ पट किंमतीस मिळतो, आणि वार्षिक पास १०.८ पट किंमतीस. म्हणजे ज्याच्यापाशीं पैसा आगाऊ आहे त्याला प्रवास स्वस्त, आणि ज्याला रोजच्या रोज मोजावें लागतें त्याला तोच प्रवास महाग. एकाच बाकावर शेजारीं बसून जाणाऱ्या दोन विद्यार्थ्यांपैकीं अधिक गरीब असेल तोच अधिक भाडें देतो, असा हा प्रकार आहे. आमची मदत भाच्याच्या मागणीच्या मागून पोहोंचत असे. तोंपर्यंत पास काढण्याचा दिवस निघून जाई, आणि सुट्या तिकिटांत ती रक्कम वाढे. जो वाढीव आंकडा पाहून आम्हीं त्याला प्रश्न केला, तो बव्हंशीं आमच्याच दिरंगाईचा आंकडा होता!

आतां एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. तो दुसऱ्या कोणी घेण्यापूर्वीं आमच्याच मनांत आला होता. मागच्या पिढ्या पायीं चालून शिकल्या, आणि त्या चालण्यानेंच माणसें घडलीं, मग आजच्या मुलांनीं चार पावलें चाललीं तर बिघडलें काय? धोंडो केशव कर्वे १८७५ सालीं परीक्षेसाठीं मुरूडहून डोंगर ओलांडून पायीं साताऱ्यास गेले, ही गोष्ट आम्हीं भाच्याला अनेकदां सांगितली होती. पुढें फर्ग्युसन कॉलेजांतलें शिकविणें आटोपून ते हिंगण्याच्या आश्रमांत पायीं जात असत; आणि आमचा भाचा ज्या वाटेनें चालत होता तिच्यावरच तें हिंगणें, म्हणजे आजचें कर्वेनगर, लागतें. दृष्टान्त इतका नेमका जुळलेला पाहून आम्हांस अभिमान वाटावयास हवा होता. परंतु साताऱ्याच्या गोष्टींतलें चालणें आपण सांगतों आणि तिचा शेवट विसरतों. एवढी पायपीट करून पोहोंचल्यावर वय लहान दिसतें म्हणून कर्व्यांना त्या परीक्षेस बसूं दिलें गेलें नाहीं. त्या कष्टाचें त्या वर्षीं फळ मिळालें नाहीं. कर्वे त्यांतून मोठे झाले. त्याच वाटांवर थकून जे परत फिरले त्यांचीं चरित्रें कोणी लिहिलीं नाहींत. हिंगण्याची वाट तर कर्व्यांनीं स्वतः निवडलेल्या कार्यासाठीं चालली. महात्मा गांधी ३० एप्रिल १९३६ रोजीं आमच्या वर्ध्याहून शेगांवास, म्हणजे आजच्या सेवाग्रामास, पायीं गेले, तेंहि स्वेच्छेनें. स्वतः पत्करलेल्या कष्टानें मनुष्य उंच होतो. दुसऱ्यानें दुसऱ्यासाठीं पसंत केलेले कष्ट हें तप होऊं शकत नाहीं, आणि मोटारींत बसून पायीं चालण्याचे गुण गाणाऱ्या मामास तर तो उपदेश शोभतच नाहीं.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. ज्यानें पैसा दिला त्याला तो कोठें गेला हें विचारण्याचा अधिकार नाहीं काय? सार्वजनिक फंडाच्या बाबतींत विचारणें हें कर्तव्यच आहे, हें आम्हांस मान्य आहे. पण प्रवासखर्चाचा हिशेब हा इतर हिशेबांसारखा नाहीं. वह्या-पुस्तकांचा हिशेब वस्तूंचा असतो. तिकिटांचा हिशेब हा पावलांचा हिशेब होतो. मुलगा रविवारीं पर्वतीवर गेला, मित्राच्या आजाऱ्यास पाहावयास गेला, व्याख्यानास गेला, कीं नुसताच नदीकांठीं जाऊन बसला, हें सर्व त्या कागदावर उमटतें. शहरांत शिकण्याचा अर्धा लाभ वर्गाबाहेर असतो. खोली ते कॉलेज आणि कॉलेज ते खोली एवढ्याच वाटेचे पैसे देणारा हा त्याला शहरांत पाठवून शहरापासून दूरच ठेवतो. वीस वर्षांच्या तरुणानें आपली प्रत्येक फेरी समर्थनीय ठरवून दाखवावी ही अपेक्षा बापानेंहि करूं नये, मग मामाची गोष्ट दूरच.

नात्यांतलें देणें केव्हां विष होतें याचें एक उदाहरण आमच्या वर्ध्याच्याच इतिहासांत आहे. जमनालाल बजाज हे सेठ बच्छराजांच्या घरीं दत्तक आले होते. १९०७ सालीं घरांत शब्दानें शब्द वाढला, दागिन्यांचें निमित्त झालें, आणि आजोबांच्या तोंडून संपत्तीविषयीं टोमणा निघाला. सतरा-अठरा वर्षांच्या त्या मुलानें सर्व संपत्तीवरील हक्क सोडल्याचें पत्र लिहून दिलें आणि अंगावरच्या वस्त्रांनिशीं तो घराबाहेर पडला. आजोबांनीं समजूत काढून त्याला परत आणलें. पण तो पैसा आपला नाहीं, ही भावना जमनालालजींनीं पुढें जन्मभर जपली. लाखोंच्या वारशाला जो न्याय तोच बसभाड्यालाहि. ज्याच्या अंगीं कांहीं पाणी आहे असा मुलगा टोमण्यासह आलेलें धन टाकून देतो. फरक इतकाच कीं, जमनालालजींनीं तें पत्र लिहून टाकलें. आमच्या भाच्यानें कांहीं न लिहितां चालावयास सुरुवात केली.

मग द्यावें कसें? येथें जुन्या वार लावून जेवण्याच्या चालीची आठवण होते. गरीब विद्यार्थी आठवड्याच्या सात वारीं सात घरीं जेवत आणि शिकत. त्या चालीचे दोष थोडे नव्हते. ती बहुधा एका जातीपुरती होती. कित्येक घरीं पंक्तिप्रपंच होई, आणि वाढणारीच्या चेहऱ्याकडे पाहून घास गिळावा लागे. परंतु तींत एक शहाणपण होतें: वार एकदां ठरला कीं मुलाला पुन्हा मागावें लागत नसे. सोमवार आला कीं त्या घरीं त्याचें पान मांडलेलें असे. आज हेंच शहाणपण सार्वजनिक सवलतींत अधिक निर्दोषपणें दिसतें. एस. टी. च्या मासिक पासासाठीं विद्यार्थ्यास भाड्याचा एकतृतीयांशच भाग द्यावा लागतो. खेड्यांतल्या शाळकरी मुलींस अहिल्याबाई होळकर योजनेखालीं तो पास मोफत मिळतो. रेल्वेनें व पुण्याच्या मेट्रोनेंहि विद्यार्थ्यांस सूट ठेवली आहे. आर्वी-पुलगांवकडल्या कित्येक मुली आज कॉलेजांत दिसतात त्याचें श्रेय गुरुजनांइतकेंच त्या पासालाहि दिलें पाहिजे. त्या मुलीला कंडक्टरपुढें कृतज्ञ चेहरा करावा लागत नाहीं. ती विद्यार्थिनी आहे एवढेंच पुरतें. नात्यांतल्या मदतीनें समाजाच्या मदतीपासून हीच गोष्ट शिकावी. समाजाची सवलत जेथें थांबते तेथून नात्याचा हात सुरू व्हावा, पण त्या हाताची रीत पासासारखीच असावी: आधीं मिळणारी, ठरलेली, आणि न विचारणारी.

पवनारचे विनोबा भूदान मागत १९५१ पासून गांवोगांव हिंडले, तेव्हां ते जमीनवाल्यास सांगत कीं, तुला पांच मुलगे असतील तर मला सहावा समज आणि माझा वाटा दे. दान म्हणजे उपकार नसून योग्य वांटणी, हा त्यांच्या म्हणण्याचा अर्थ. जो घरचा आहे त्याला वाटा मिळतो, भीक मिळत नाहीं. आणि वाट्याचा हिशेब मागावयाचा नसतो.

यावर कोणी म्हणेल कीं, अशानें मुलगा मिंधा राहील किंवा बेफिकीर होईल. यासंबंधीं आपल्या शास्त्रकारांची ऋणकल्पना आम्हांस फार मार्मिक वाटते. ऋषींचें ऋण ऋषींना परत करावयाचें नसतें. तें स्वतः शिकून व पुढच्यास शिकवून फिटतें. ज्याच्याकडून घेतलें त्याच्यापुढें वांकून राहण्याची त्यांत सोय नाहीं आणि ऋण विसरून जाण्याचीहि मुभा नाहीं. घेणारा मिंधा होतो तो देणाऱ्याकडे तोंड करून उभा राहिल्यानें. त्याचें तोंड पुढच्याकडे वळलें कीं मिंधेपणा उरत नाहीं.

हें सुचलें मात्र आम्हांस नाहीं. दिवाळीनंतर आम्हीं भाच्याला सांगितलें कीं, यापुढें दर तीन महिन्यांच्या आरंभीं ठराविक रक्कम त्याच्या हातीं येईल. पास काढून जें उरेल तें त्याचें, हिशेब नको. तो लगेच हो म्हणाला नाहीं. दोन दिवसांनीं येऊन म्हणाला, "मामाजी, एका अटीवर घेतों. धाकटी पुढच्या वर्षीं नागपूरला शिकायला जाईल. मी कमवायला लागलों कीं तिचा जाण्यायेण्याचा खर्च माझ्याकडे. तुमचे पैसे तुम्हांला परत देणार नाहीं." ही अट आम्हीं मान्य केली. तिच्यांत थोडी उद्धटपणाची झांक असेल, पण तीच आम्हांस अधिक आवडली.

त्याचे गेलेले विषय त्याला पुन्हा द्यावे लागत आहेत. ते चार महिने आमच्या कोणत्याहि विचारानें परत येणार नाहींत. आणि आमचेंहि शिक्षण पुरें झालें आहे असें नाहीं. रविवारीं त्याच्याशीं बोलतांना मागून गाडीघोड्यांचा आवाज ऐकूं आला कीं, "आज कुठें निघालास?" हा प्रश्न अजूनहि आमच्या ओठांवर येतो. तो आवरावा लागतो, आणि आवरतां आवरतां हळूहळू संवय होत आहे.