निष्कारण अनिष्ट आणि ‘हॅलोविन’

जगात दुःख आणि दुष्टता का आहे, या प्रश्नाला तत्त्वज्ञानात ‘अनिष्टाची समस्या’ म्हणतात. इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकांतील ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टीन याच्या मते अनिष्टाला स्वतःचे अस्तित्व नसून ते चांगुलपणाचा केवळ अभाव होय. त्याने तरुणपणी स्वीकारून पुढे त्यागलेला मानीपंथ मात्र प्रकाश आणि अंधार ही दोन स्वतंत्र तत्त्वे मानत होता. ब्रह्मसूत्रांनी ईश्वरावर येणारे वैषम्य म्हणजे पक्षपात आणि नैर्घृण्य म्हणजे निर्दयता हे दोन आक्षेप, जीवाच्या वाट्याला येणारे सुखदुःख त्याच्या कर्मानुसार असते असे सांगून, दूर केले. जॉन कार्पेंटर दिग्दर्शित ‘हॅलोविन’ (१९७८) हा अल्पखर्ची अमेरिकन चित्रपट या तिन्ही उत्तरांच्या कसोटीवर तपासण्याजोगा आहे, कारण त्याचे सामर्थ्य आणि त्याची उणीव ही दोन्ही याच प्रश्नाशी निगडित आहेत.

‘स्लॅशर’ म्हणजे एखादा खुनी धारदार शस्त्राने, बहुधा तरुण-तरुणींना, एकामागून एक ठार मारतो अशा कथानकाचा भयपट. ‘हॅलोविन’मध्ये सहा वर्षांचा मायकल मायर्स आपल्या मोठ्या बहिणीचा खून करतो आणि पंधरा वर्षांनी मनोरुग्णालयातून निसटून आपल्या गावी परततो. सुमारे तीन लाख डॉलरमध्ये, मोठ्या स्टुडिओच्या पाठबळाविना झालेल्या या निर्मितीत खुन्यासाठी बाजारातला एक स्वस्त मुखवटा घेऊन तो पांढरा रंगवण्यात आला. काटकसरीतून आलेला हा निर्विकार चेहरा चित्रपटाचा मुख्य विचार ठरला, कारण त्यावर क्रोध, सूड वा आनंद यांपैकी काहीच वाचता येत नाही आणि श्रेयनामावलीतही मुखवट्यामागच्या या पात्राला केवळ ‘आकृती’ म्हटले आहे. खुनाचे कारण कथानक देत नाही; चांगुलपणाच्या अभावाला पडद्यावर रूप द्यायचे, तर ते याहून नेमके क्वचितच देता येईल.

भारतीय रससिद्धान्ताच्या परिभाषेत, भय हा स्थायीभाव असलेला भयानक रस आणि जुगुप्सा म्हणजे किळस हा स्थायीभाव असलेला बीभत्स रस हे वेगळे आहेत. ‘हॅलोविन’मध्ये रक्त जवळजवळ दिसत नाही, भय उभे राहते ते दृश्यचौकटीच्या कडेला थांबलेल्या आकृतीमुळे आणि कार्पेंटरने स्वतः रचलेल्या, पाच मात्रांच्या आवर्तनात फिरणाऱ्या संगीतामुळे. आरंभीचा खून खुन्याच्याच नजरेतून दाखवला जातो आणि ती नजर एका बालकाची होती हे मागाहून कळते, त्यामुळे प्रेक्षकाला आपल्या पाहण्याच्या सुखाचीही झडती घ्यावी लागते. या शैलीतील पुढच्या अनेक चित्रपटांनी भयानकाऐवजी बीभत्साचा सोपा मार्ग धरला.

उणीव दोन ठिकाणी जाणवते. मायकलवर उपचार करणारे डॉ. लूमिस त्याच्या रूपाने साक्षात दुष्टता वावरते आहे असे वारंवार बजावतात, तेव्हा मुखवट्याने मोकळी ठेवलेली जागा शब्दांनी भरली जाते आणि अभावाचे रूपांतर मानीपंथी स्वतंत्र शक्तीत होते. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. मायकलच्या गावातील तरुण-तरुणींपैकी प्रणयात गुंतलेल्या वा त्यासाठी निघालेल्या अ‍ॅनी, लिंडा आणि बॉब यांचा बळी जातो, तर एकाकी, अभ्यासू लॉरी वाचते. त्यामुळे निष्कारण म्हणून दाखवलेल्या अनिष्टाला बळींच्या बाजूने एक कारण चिकटते आणि मृत्यू वर्तनाची शिक्षा भासू लागतो. कार्पेंटरने हा अर्थ नाकारला असून, लॉरी वाचते ती एकटी असल्याने सावध राहते म्हणून, असे त्याचे म्हणणे आहे. लॉरीही मैत्रिणीच्या गाडीत गांजा ओढते, हा तपशील त्याला पूरक आहे. तरीही दिग्दर्शकाचा हेतू आणि घटनाक्रमाचा परिणाम या भिन्न गोष्टी आहेत. मारल्या जाणाऱ्या पात्रांना पुरेसे व्यक्तित्व न दिल्याने त्यांच्या मृत्यूचा शोक होत नाही आणि प्रेक्षक नकळत न्यायाधीशाच्या जागी बसतो. कर्मसिद्धान्ताचा वापर पीडितालाच दोषी ठरवण्यासाठी केला जातो, तेव्हा हाच दोष घडतो. फरक इतकाच की, कर्मसिद्धान्त निदान अनेक जन्मांचा हिशेब गृहीत धरतो, तर चित्रपट एका रात्रीत निवाडा देऊन मोकळा होतो.

म्हणून ‘हॅलोविन’चे मूल्यमापन त्याच्या खर्चाकडे पाहून सवलतीने करण्याचे कारण नाही. साधनांच्या तुटवड्याने त्याला अनिष्टाचे स्पष्टीकरण न देण्याचा संयम शिकवला आणि तो त्याचा खरा गुण आहे. मात्र बळींना माणूस म्हणून उभे करण्यासाठी पैसा नव्हे, तर पटकथेतील आस्था लागते, आणि तिची कमतरता अल्प खर्चाच्या नावावर खपवता येत नाही. अनिष्ट निष्कारण आहे असे मानणाऱ्या कलाकृतीने त्याच्या बळींनाही निरपराध मानले पाहिजे. ‘हॅलोविन’ यातील पहिली अट पाळतो, दुसरी अर्धवट सोडतो.