नावापुरतं वऱ्हाड

गाव नमुना सहा-क ही वारसांची नोंदवही. खातेदार वारला की वारसांची नावं आधी तिच्यात चढतात, चौकशी होते, फेरफार पडतो, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात आणि मग कुठं सातबारावर नवं नाव लागतं. नायगाव तालुक्यातल्या सज्जांवर माझी नोकरीची बरीच वर्षं ही वही भरण्यात गेली. (तलाठी हे पदनाम जाऊन आता ग्राम महसूल अधिकारी आलं आहे, गावात अजून तरी कुणी तसं म्हणत नाही.) वारस म्हटला की डोळ्यांसमोर पोरसवदा चेहरा येतो. माझ्या टेबलापुढं येणारे वारस मात्र बरेचदा साठीच्या घरातले असत. जाड चष्मा, बोळकं होत आलेलं तोंड आणि हातात वडिलांच्या मृत्यूचा दाखला.

यातला एकेक माणूस तीस-चाळीस वर्षं ती जमीन कसत आलेला. कापूस त्यानं लावला, हळद त्यानं शिजवली, सोयाबीन उगवलं नाही तेव्हा कृषी कार्यालयात तोच खेटे घालत होता. पण कागदावर तो शेतकरी नव्हता. पीककर्ज वडिलांच्या नावानं, अतिवृष्टीचं अनुदान वडिलांच्या खात्यात, २०१९ पासून पीएम किसानचे हप्तेही तिकडंच. पन्नाशीच्या माणसानं खताच्या पोत्यासाठी बाजेवर बसलेल्या बापाकडं पैसे मागायचे आणि बापानं विचारायचं, परवाच्या पैशांचा हिशेब कुठाय? जितेपणीच वाटणी करून घ्या, असं सुचवलं तर मुलाचं उत्तर ठरलेलं : "बा हाय तवर कशाला, साहेब? लोकं काय म्हणतील?"

या वारसांच्या संगतीत राहून मला आमच्या मुलखातल्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात विसरल्या गेलेल्या वारसाबद्दल कुतूहल वाटू लागलं. सतरा सप्टेंबरला आमच्याकडं मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन होतं. भाषणांत निजाम येतो, रझाकारांचा कासीम रझवी येतो, स्वामी रामानंद तीर्थ येतात, मुक्तिसंग्रामात लुटलेली शेजारच्या उमरीची बँक येते. निजामाचा युवराज येत नाही. त्यात वक्त्यांची चूक नाही. त्या इतिहासात निर्णय घ्यायची पाळीच या माणसावर कधी आली नाही.

मीर हिमायत अली खान, किताब आझम जाह. जन्म १९०७. चार वर्षांचे असताना वडील मीर उस्मान अली खान हैदराबादचे सातवे निजाम झाले आणि आझम जाह वारस. तिथून वडिलांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे २४ फेब्रुवारी १९६७ पर्यंत, जवळजवळ साडेपंचावन्न वर्षं. आणि मग जे व्हायचं ते झालंच नाही. वडिलांनी हयातीतच मुलाला बाजूला ठेवून नातवाला, मुकर्रम जाह यांना, वारस नेमलं होतं. केंद्र सरकारनं त्यांनाच आठवे निजाम म्हणून मान्यता दिली. तोवर राज्य जाऊन साडेअठरा वर्षं होत आली होती. किताब, तनखा आणि मालमत्ता एवढंच उरलं होतं. तेही थोरल्या मुलाला डावलून पुढं गेलं.

आझम जाह यांचा स्वतःचा किताब होता 'प्रिन्स ऑफ बेरार', वऱ्हाडचे राजपुत्र. या किताबाची कथा महसुली माणसाला विशेष कळण्यासारखी आहे. वऱ्हाड १८५३ च्या तहानं इंग्रजांकडं गेलं, कारण हैदराबाद कंटिन्जंट या फौजेचा थकलेला खर्च. १९०२ मध्ये कर्झननं सहाव्या निजामाकडून ते वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्यानं लिहून घेतलं आणि पुढच्या वर्षी मध्य प्रांताला जोडून टाकलं. सातव्या निजामांनी ते परत मिळवायची बरीच खटपट केली. १९३६ च्या करारात त्यांच्या पदरात पडलं ते एवढंच : ते स्वतः 'हैदराबाद आणि वऱ्हाडचे निजाम', आणि त्यांचा वारस वऱ्हाडचा राजपुत्र. अकोला-अमरावतीचा कारभार नागपूरहून चालायचा तो तसाच चालत राहिला. दप्तराच्या भाषेत सांगायचं तर नाव लागलं, ताबा नाही. नायगाव ज्या रस्त्यावर आहे तो एकीकडं देगलूरवरून हैदराबादला जातो आणि दुसरीकडं नांदेड, हिंगोली, वाशीम करत अकोल्याला. एका टोकाला या माणसाला न मिळालेली गादी, दुसऱ्या टोकाला न मिळालेला प्रांत.

बाकी सगळं होतं. १९३१ साली फ्रान्समधल्या नीस शहरात त्यांचं लग्न झालं ते पदच्युत उस्मानी खलिफाच्या मुलीशी, दुर्रुशेहवार यांच्याशी. हैदराबादेत राहायला बेला व्हिस्टा हा वाडा, जिथं आता ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज आहे. आपल्याकडचे कितीतरी अधिकारी तिथं प्रशिक्षणाला जाऊन आले असतील. फौजेचं सरसेनापतिपदही होतं. पण सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजांपुढं शरणागती द्यायची वेळ आली तेव्हा ती दिली मेजर जनरल एल इद्रूस यांनी. खरी फौज तेच सांभाळत होते.

आणि खर्च. आझम जाह यांच्या उधळेपणाबद्दल आणि कर्जांबद्दल तेव्हापासून लिहिलं गेलं आहे. वडील त्याच्या नेमके उलट. १९३७ मध्ये 'टाइम' साप्ताहिकानं जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून त्यांना मुखपृष्ठावर छापलं, आणि त्यांचा चिक्कूपणा तर हैदराबादेत आजही चवीनं सांगतात. बापाकडं अलोट, मुलाकडं मागून मिळेल तेवढंच. अशा घरात मुलगा सावकाराच्या दारात गेला नाही तरच नवल. आमच्याकडंही मी हे पाहिलेलं आहे. वीस एकराच्या खातेदाराचा मुलगा दुकानदाराकडं उधारीवर, 'म्हातारं गेल्यावर देतो' या बोलीवर. दुकानदारही व्याज लावून थांबायला तयार. मग बाप पारावर सांगतो, पोराच्या हाती कारभार द्यावा असं त्याच्यात काय आहे, बघा की उधारी. मला वाटतं आझम जाह यांचा सगळा गुंता इथं आहे. माणूस नालायक ठरला म्हणून त्याला काम मिळालं नाही असं आपण वाचतो. ज्याच्या हाती कधी जोखमीचं काम दिलंच नाही, त्याची लायकी तपासली कशावरून?

त्यांचे धाकटे भाऊ मोअज्जम जाह यांना गादीची आशा नव्हती. त्यांच्याकडं हैदराबादच्या शहर सुधारणा मंडळाचं काम आलं. मोअज्जम जाही मार्केट आज नांदेडचा माणूसही ओळखतो. हैदराबादेत दवाखान्याच्या कामाला गेलेली आमची मंडळी संध्याकाळी तिथं आइस्क्रीम खाऊन येतात. दुर्रुशेहवार यांनी जुन्या शहरात बायकामुलांसाठी दवाखाना उभा केला, तो त्यांच्या नावानं आहे. थोरल्या भावाच्या नावानं वरंगळला आझम जाही मिल निघाली, १९३४ साली. नांदेडची गिरणी होती ती वडिलांच्या नावाची, उस्मानशाही. दोन्ही केव्हाच थंडावल्या. पण उस्मानशाहीबरोबरच आमच्या बाजूला उस्माननगर आहे, आणि धाराशिवचं उस्मानाबाद हे नाव तर परवापरवापर्यंत होतं. आझम जाह यांच्या नावाचं एखादं खेडंही आमच्या मराठवाड्यात माझ्या पाहण्यात नाही.

इंग्लंडच्या चार्ल्सची आठवण इथं येतेच. त्यांचा जन्म १४ नोव्हेंबर १९४८ चा, म्हणजे हैदराबादची पोलीस ॲक्शन संपून दोन महिनेही झाले नव्हते. १९५२ पासून ते वारस, आणि राजे झाले ते ८ सप्टेंबर २०२२ ला, त्र्याहत्तराव्या वर्षी. सत्तर वर्षं. वाट पाहण्यात आझम जाह त्यांच्यापुढं काहीच नाहीत. फरक आहे तो वाट पाहण्याच्या सोयीत. ब्रिटनच्या थोरल्या राजपुत्राला १३३७ पासून कॉर्नवॉलची डची मिळते. सव्वा लाख एकराहून जास्त जमीन, तिची कुळं, तिचं उत्पन्न. चार्ल्सनी तिथं सेंद्रिय शेती केली, नवी वसाहत वसवली, नौदल सोडताना मिळालेल्या पैशांतून १९७६ मध्ये तरुणांसाठी ट्रस्ट काढला. लोक हसले, टीका झाली, काही कामं फसली. पण हसण्यासारखं काहीतरी त्यांच्या हातून घडत होतं. कॉर्नवॉलचा ताबा होता. वऱ्हाडचं नुसतं नाव होतं.

वाट पाहून म्हातारा झालेला आणखी एक वारस नांदेडला येऊन गेलेला आहे, हे आमच्याकडं फारसं कुणी ध्यानात घेत नाही. औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरजवळ वारला तेव्हा तो अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होता. गादी जिंकली ती त्याच्या मुअज्जम नावाच्या मुलानं, आणि त्या लढाईत भाऊ आझम मारला गेला. (निजामाच्या मुलांची नावं उलटसुलट आठवू नयेत म्हणून सांगतो, ही जोडी वेगळी.) हाच मुअज्जम बादशहा बहादूरशाह म्हणून १७०८ मध्ये दक्षिणेत आला, त्याच्या छावणीबरोबर गुरू गोविंदसिंगजी नांदेडला आले आणि इथंच राहिले. बादशहाचं वय तेव्हा चौसष्ट. गोवळकोंड्याच्या वेढ्याच्या वेळी शत्रूशी संधान बांधल्याच्या संशयावरून बापानं त्याला कित्येक वर्षं कैदेत ठेवलं होतं. पुढं पाच वर्षंही राज्य मिळालं नाही. १७१२ मध्ये तो गेला. बापाची एवढी भीती बाळगलेल्या माणसाच्या अंगात बादशहा व्हायला काही शिल्लक राहिलं असेल का, असा प्रश्न मला पडतो. तरी तो निदान प्रांतांचा सुभेदार होता, फौजा घेऊन फिरलेला होता.

आमच्या खेड्यांतल्या वारसांपुरता कायदा मात्र मुलाच्या बाजूनं होता, निदान हिंदू घरात. वडिलोपार्जित जमिनीत मुलाचा हक्क जन्मतःच लागतो, हे मिताक्षरेत आहे, आणि मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर बसवकल्याणचा. लातूर-उमरग्याच्या माणसाला हे गाव परकं नाही. ज्या चालुक्य विक्रमादित्याच्या काळात त्यानं हे लिहिलं, त्यानं स्वतः थोरल्या भावाला बाजूला सारून १०७६ मध्ये गादी घेतली होती. नऊशे वर्षांनंतरही जन्मतः लागलेला तो हक्क आमच्या खेड्यांत बापाच्या मृत्यूच्या दाखल्याशिवाय जागा होत नाही. लेकींचं तर विचारूच नका. त्यांची नावं सहा-कमध्ये येतात ती बहुधा हक्कसोडपत्राची तारीख ठरवूनच.

म्हाताऱ्यांची बाजू मला कळत नाही असं नाही. सहाव्या निजामांना गादी मिळाली ती अडीच वर्षांचे असताना. ते पंचेचाळिसाव्या वर्षी वारले आणि उस्मान अली पंचविशीत गादीवर बसले. बापानं नाही, मुलानं नाही, दोघांनीही वाट अशी पाहिलीच नाही. गावातले जे म्हातारे जमीन मुठीत धरून बसलेले मी पाहिले, त्यांतल्या अनेकांचे वडील रोगराईत किंवा रझाकारीच्या धामधुमीत लवकर गेलेले होते. पोरवयात कारभार अंगावर पडला, रेटला, जमला. त्यांना वाटतं, ज्याच्यात धमक असते त्याला वाट पाहावी लागत नाही. शिवाय सातबारावरून नाव निघतं ते बहुतेक वेळा मेलेल्या माणसाचं. जिवंतपणी ते काढून घ्यायचं तर पोटात गोळा येणारच.

नातवाकडं उडी मारण्याची रीतही निजामाचीच नाही. मुलगा बिघडला म्हणून नातवाच्या नावे बक्षीसपत्र केलेली खाती माझ्या सज्जात होती. त्यात प्रेमापेक्षा मुलावरचा राग जास्त दिसे. मुकर्रम जाह यांना तेहतिसाव्या वर्षी जे मिळालं ते वाडे, कज्जे आणि आश्रितांची रांग. ते ऑस्ट्रेलियात मेंढ्यांच्या कुरणावर निघून गेले, पुढं तुर्कस्तानात राहिले आणि जानेवारी २०२३ मध्ये इस्तंबूलला वारले. आजोबांच्या दरबारातून १९४८ मध्ये लंडनच्या बँकेत गेलेल्या दहा लाख पौंडांचा निकाल लागायला २०१९ साल उजाडलं. त्यासाठीही वारस थांबलेलेच होते.

आझम जाह ऑक्टोबर १९७० मध्ये गेले. पुढच्याच वर्षी सव्विसाव्या घटनादुरुस्तीनं संस्थानिकांचे किताब आणि तनखे दोन्ही संपले. डावललं गेलं नसतं तर त्यांच्या वाट्याला साडेतीन वर्षांचा निजाम हा किताब आला असता, आणि तोही राज्याविना. त्यांना बापाकडून चाळिशीच्या आत एखादा जिल्हा चालवायला मिळाला असता, अगदी आमचं नांदेडसुद्धा, तर त्यांनी तो बुडवला असता की सावरला असता, हे सांगता येत नाही. निजामाच्या राज्यातल्या रयतेला तो प्रयोग परवडला असता का, हाही प्रश्न आहेच.

अलीकडं आमच्या तालुक्यात जितेपणीच्या वाटण्या थोड्या वाढल्या आहेत. मुलांच्या पांढऱ्या केसांनी ते घडवलं नाही, अनुदानानं घडवलं. नुकसानभरपाई एका खातेदाराला दोन-तीन हेक्टरपुरतीच मिळते, म्हणजे एका खात्याची तीन खाती झाली तर घरात पैसा जास्त येतो, हे म्हाताऱ्यांना पटलं. कुंटूरच्या बाजूचे एक आजोबा मुलांना घेऊन वाटणीचे कागद करायला आले होते. स्वतःच्या नावे विहिरीकडचा तुकडा ठेवून बाकी सोडलं. सह्या झाल्यावर थोरल्या मुलाला, तो पंचावन्न तरी असेल, म्हणाले, आता पिकाचं तू बघ, कर्जाचंही तूच बघ. मुलगा सातबाराची प्रत दोन्ही हातांत धरून वाचत होता. मग त्यानं मला विचारलं, पीककर्जाला अर्ज द्यायचा तर बँकेत कोणकोणते कागद लागतात. चाळीस वर्षं शेती करून हे त्याला विचारावं लागत होतं.