तुटक रेषेचा भरवसा

दट्ट्या बसवलेल्या नळकांड्यात कोरडी हवा कोंडली आणि वितळत्या बर्फात ती 100 मिलिलिटर भरली, तर दाब तोच ठेवून उकळत्या पाण्यात ती साधारण 136.6 मिलिलिटर होते. हे दोन बिंदू आलेखावर मांडले की रेषा ठरली. शंभर अंशांत 36.6ची वाढ, म्हणून चढ 0.366, शून्य अंशाला रेषा उभ्या अक्षाला 100वर छेदते. ‘वाय बरोबर एमएक्स अधिक सी’ इथे पुरे होते. पण पट्टी तशीच डावीकडे धरून रेषा वाढवली, तर उणे 273च्या आसपास ती आडव्या अक्षाला टेकते. तिथे हवेचे आकारमान शून्य. हे पाहिले कुणी?

कुणीच नाही. साध्या दाबाखाली ऑक्सिजन उणे 183 अंशांना द्रवरूप होतो, नायट्रोजन उणे 196ला. रेषा ज्याच्याबद्दल बोलते, तो वायूच वाटेत संपतो.

अनुमानावर चार्वाकांनी घेतलेला आक्षेप नेमका इथे लागू पडतो. चौदाव्या शतकातल्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’च्या पहिल्याच प्रकरणात माधवाचार्यांनी तो मांडला आहे. धुरावरून अग्नी ठरवायचा तर दोघांची व्याप्ती, म्हणजे कधीही न चुकणारी साथ, आधी माहीत हवी, आणि सर्व काळचे, सर्व ठिकाणचे धूर तर कुणी पाहिलेले नसतात. अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूमलाही अशाच शंकेने गाठले.

न्यायदर्शनाच्या पंडितांचे, नैयायिकांचे मोठेपण असे, की त्यांनी व्याप्ती तपासायची रीत दिली: उपाधी, म्हणजे दडलेली अट, शोधा. ‘जिथे अग्नी तिथे धूर’ हे विधान टिकत नाही, कारण त्यात ओल्या सरपणाची अट दडलेली आहे. लालभडक लोखंडात अग्नी असतो, धूर नसतो. वायूच्या रेषेतही अशीच अट दडली आहे: वायू विरळ आहे तोवर, वायू आहे तोवर.

मग उणे 273 खोटे का? मुळीच नाही. 1802मध्ये गे-ल्युसॅकने दाखवले, की निरनिराळे वायू तापल्यावर जवळजवळ सारख्याच प्रमाणात फुगतात. वायू कमीजास्त घेतला तर चढ बदलतो, उभ्या अक्षावरचा छेदही बदलतो. रोख मात्र एकाच बिंदूकडे राहतो. पुढे 1848मध्ये विल्यम थॉमसन यांनी कोणत्याही एका पदार्थावर न विसंबणाऱ्या तापमापनाची कल्पना मांडली. तिच्यातून घडलेल्या आजच्या मापनाचे शून्य उणे 273.15 अंशांवर आहे. तिथे हवा नाहीशी होते, हा दावा पडतो. तापमानाला तिथे तळ आहे, हा दावा उभा राहतो, कारण त्याला रेषेबाहेरचा पुरावा मिळाला.

शिक्षकांनी एवढे जरूर करावे: मोजलेल्या बिंदूंमधली रेषा सलग काढावी, पुढची तुटक, आणि तुटक भागाशेजारी मुलांकडून त्याची अट लिहून घ्यावी.