न्यायासनांची उतरंड

‘वेळ पडली तर सुप्रीम कोर्टापर्यंत जाईन, पण सोडणार नाही,’ ही प्रतिज्ञा आपल्याकडे बांधाच्या भांडणापासून वाटणीच्या दाव्यापर्यंत कोठेही ऐकू येते. न्यायालय जितके वरचे तितका तेथील न्याय अधिक खरा, आणि खाली जे हुकले ते वर पहिल्यापासून तपासून दुरुस्त होईल, अशी समजूत तिच्या मुळाशी असते. या समजुतीची रुजवात घालावयाची तर अमेरिकेच्या संघीय न्यायव्यवस्थेकडे पाहावे. कारण तेथील पायऱ्या एका बैठकीत आखल्या गेल्या नसून, शतकाहून अधिक काळाच्या अडचणींतून घडत गेल्या आहेत.

१७८७ च्या अमेरिकन घटनेने स्वतः निर्माण केले ते केवळ एक सर्वोच्च न्यायालय. त्याखाली कोणती न्यायालये असावीत, हे तिने काँग्रेसवर सोपविले. १७८९ च्या कायद्याने तेरा जिल्हे आखून प्रत्येकास एक न्यायाधीश दिला. परंतु मधल्या फिरत्या न्यायालयांसाठी स्वतंत्र न्यायाधीशच न नेमल्यामुळे, सर्वोच्च न्यायालयाच्या सहा न्यायमूर्तींना प्रारंभी खडतर रस्त्यांनी मुलूखभर हिंडून ती चालवावी लागत. त्यांच्या गाऱ्हाण्यांची पुरती दाद लागावयास १८९१ साल उजाडले. तेव्हा स्वतंत्र अपील न्यायालये स्थापन झाली. पुढे १९२५ मध्ये, आपल्यापुढील बहुतेक प्रकरणांपैकी कोणती ऐकावयाची हे ठरविण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयास मिळाली. आज ९४ जिल्हा न्यायालये, १३ अपील न्यायालये आणि नऊ न्यायमूर्तींचे सर्वोच्च न्यायालय अशी ही रचना उभी आहे.

या तीन स्तरांवर एकच काम तीनदा होत नाही. जिल्हा न्यायालयात साक्षीदार शपथेवर जबानी देतो, उलटतपासणीत अडखळतो, आणि काय घडले याचा निर्णय ज्यूरी किंवा न्यायाधीश करतो. अपील न्यायालयात बहुधा तीन न्यायाधीश बसतात. तेथे साक्षीदार येत नाही, नवा पुरावा घेतला जात नाही, खालचे दफ्तर आणि वकिलांच्या लेखी कैफियती पाहून, कायदा योग्य रीतीने लावला गेला काय, एवढेच तपासले जाते. सर्वोच्च न्यायालयाची चिंता याहून निराळी : वेगवेगळ्या अपील न्यायालयांनी एकाच कायद्याचे परस्परविरुद्ध अर्थ लावले असतील, तर देशभर कोणता अर्थ चालावा? दरवर्षी येणाऱ्या हजारो अर्जांपैकी, नवांतील निदान चौघांना ऐकावासा वाटला तरच अर्ज सुनावणीस घेतला जातो, आणि अलीकडे अशी प्रकरणे वर्षाला साठ-सत्तरच्या आसपासच असतात. मात्र अर्ज नाकारला म्हणजे खालचा निकाल बरोबर ठरला, असा त्याचा अर्थ होत नाही.

याच्या जोडीस प्रत्येक घटकराज्याची स्वतःची न्यायालये असतात, आणि दिवाणी-फौजदारी कामाचा फार मोठा भार तीच वाहतात. आपल्या घटनेचा मसुदा मांडताना, ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच भेद दाखविला होता : भारताची राज्यव्यवस्था दुहेरी असली तरी न्यायव्यवस्था एकच राहील. म्हणूनच आपले जिल्हा न्यायालय संसदेचा आणि विधिमंडळाचा असे दोन्ही कायदे लावते. अमेरिकेत मात्र राज्याच्या न्यायालयांतून सर्वोच्च न्यायालयाकडे जाणारी वाट संघीय कायद्याचा किंवा घटनेचा प्रश्न असेल तरच खुली होते.

क्लॅरन्स अर्ल गिडियन याच वाटेने गेला. १९६१ मध्ये फ्लोरिडातील पनामा सिटी येथे एका बिलियर्डच्या अड्ड्यात घरफोडी केल्याचा त्याच्यावर आरोप होता. वकील करण्यास पैसा नव्हता. सरकारी खर्चाने वकील द्या, ही विनंती न्यायाधीशाने फेटाळली, कारण त्या राज्याच्या कायद्यात ती सोय देहदंडाच्या गुन्ह्यापुरतीच होती. स्वतःचा खटला स्वतः चालवून तो हरला आणि त्याला पाच वर्षांची सजा झाली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची दाद घेतली नाही. तेव्हा तुरुंगातल्या रेघी कागदावर पेन्सिलीने लिहिलेला त्याचा अर्ज वॉशिंग्टनला पोहोचला. १८ मार्च १९६३ रोजी न्यायालयाने एकमताने, स्वतःचाच १९४२ चा निर्णय बाजूस सारून, गंभीर गुन्ह्याच्या आरोपीस ऐपत नसल्यास वकील मिळालाच पाहिजे, असे ठरविले.

परंतु गिडियन निर्दोष आहे, असे त्या न्यायालयाने म्हटले नाही. तसे म्हणणे हे त्याचे कामच नव्हते. खटला पुन्हा पनामा सिटीस आला, त्याच न्यायाधीशापुढे चालला. फरक एवढाच की, या खेपेस आरोपीच्या शेजारी वकील होता. त्याने मुख्य साक्षीदाराची उलटतपासणी घेतली, आणि ऑगस्ट १९६३ मध्ये ज्यूरीने गिडियनला सोडून दिले.

उतरंडीत सर्वांत मोठे मडके तळाशी असते आणि वरच्यांचा भार तेच पेलते. न्यायासनांचेही तसेच आहे. वरचे न्यायालय नियम देते, पण माणसाचे म्हणणे समोरासमोर ऐकले जाते ते खालच्या कोर्टात, आणि तेथे नोंदविला न गेलेला पुरावा वर सहसा कोणी पाहत नाही. तेव्हा ज्या राज्यकर्त्यांना न्यायाची खरोखर चाड आहे, त्यांनी वरच्या न्यायालयांच्या वैभवाआधी तालुक्याच्या कोर्टातील न्यायाधीशांची संख्या, तेथील दफ्तराची शिस्त आणि गरिबास मिळणाऱ्या वकिलाचा दर्जा यांची तजवीज करावी. नाहीतर सामान्य पक्षकाराच्या पदरी न्यायाऐवजी अपिलाचा हक्क तेवढा पडावयाचा.