आखाड्यावर पिल्लू द्यावं का?

भाद्रपद हा कुत्र्यांचा हंगाम. त्यानंतर दोनेक महिन्यांनी, कार्तिक-मार्गशीर्षात पिल्लं होतात, आणि नांदेडात थंडी पडू लागली की आमच्या प्राण्यांच्या निवाऱ्याचा फोन थांबत नाही. नालीत पिल्लं आहेत, आई गाडीखाली गेली, कुणी पोत्यात घालून शाळेच्या भिंतीमागे ठेवून गेलंय. ही पिल्लं निवाऱ्यात ठेवायची नसतात. जागा अपुरी असते हे आहेच, पण खरी भीती पार्व्होची. हा विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो आणि लस न झालेल्या पिल्लांचं अख्खं वेत काही दिवसांत संपवतो. म्हणून पिल्लं घरोघरी वाटून देतात. ज्याच्या घरी जातील त्यानं दर दोन-तीन तासांनी पाजायचं, गाईच्या दुधानं हगवण लागते म्हणून दुसरं दूध शोधायचं, उबेला गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवायची. अगदी तान्हं असेल तर कोमट ओल्या कापसानं पुसून लघवी करवायची. पहिले दोन-तीन आठवडे पिल्लाला ते आपलं आपण जमत नाही, आई चाटून करवते. याला आम्ही सांभाळ म्हणतो. दत्तक वेगळं. सांभाळ म्हणजे घर मिळेपर्यंत.

माझ्याकडे या हिवाळ्यात आलेली काळी मादी बसस्टँडमागची. एरवी वाढवून, नसबंदी आणि रेबीजची लस करून तिला तिच्याच गल्लीत सोडता आलं असतं, 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम तेच सांगतात. पण 7 नोव्हेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं अशा जागांवरून उचललेली कुत्री परत तिथंच सोडू नका असं बजावलं. म्हणजे तिला घरच हवं. आणि घर मागणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, नर आहे का? मादी आहे म्हटलं की फोन ठेवतात.

एकानंच ठेवला नाही. मुखेड तालुक्यातला शेतकरी. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, राखणीला हवी म्हणाला. आमच्या निवाऱ्याचा नियम आहे की राखणीला, साखळीला बांधायला पिल्लू द्यायचं नाही. बैठकीत दोन तट पडले. म्हणून मी उदगीरला मामांकडे गेले. मामा पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालेले, देवणी, जळकोट, उदगीरच्या गोठ्यांत आयुष्य गेलेलं. त्यांच्याशी झालेलं बोलणं इथं देते, कारण त्यातून माझं मत बदललं.

"मग अडलंय कुठं?" मामांनी विचारलं.

"साखळीवर. दिवसभर बांधलेली राहील. भाकरीवर जगेल."

"फ्लॅटमधलं कुत्रं दिवसभर काय करतं? दार लावून माणसं कामाला जातात."

"त्याला डॉक्टर असतो, मामा. लस चुकत नाही."

"हे कबूल. बाकीचं कबूल नाही. तुम्ही घर शोधता ते स्वतःच्या घरासारखं. आखाड्यावर माणूस कायम संगं असतो, हुंगायला चार एकर रान असतं, आणि कुत्र्याला काम असतं. काम असलेलं जनावर उदास होत नाही, हे मी बघितलंय."

"पण काम संपल्यावर? ज्याला कामासाठी आणलं त्याचं म्हातारपणी काय होतं? बैलांचं काय झालं, ते तुम्हीच सांगता."

मामा थोडे थांबले. 2015 च्या मार्चात राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हा ते नोकरीत होते. "हाळी-हंडरगुळीच्या बाजारात म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक मिळेना," ते म्हणाले. "मारू नका, एवढं कायद्यानं सांगितलं. चारा कोण घालणार, ते सांगितलं नाही. दया सगळ्या राज्याची आणि वैरण एकट्या शेतकऱ्याची. रात्री दावं कापून दुसऱ्याच्या शिवारात जनावर सोडून देणारी माणसं मला माहीत आहेत. ती वाईट माणसं नव्हती. देवणीची जोडी पोटच्या लेकरासारखी जपलेली माणसं होती. तुमच्या निवाऱ्याचं तसंच होऊ नये, एवढंच म्हणणं आहे माझं. अटी तुमच्या आणि सगळा भार त्या मुखेडच्या माणसावर, असं करू नका."

हे मला लागलं. पण मी सोडलं नाही. "बैलाला किंमत होती, म्हणून दुष्काळात छावण्या तरी उघडल्या. कुत्र्यासाठी कुणी छावणी उघडली? 2016 ला लातुरात कुत्र्यांनी काय प्यायलं असेल?"

त्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी करू नये म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर. अशा शहरात मुक्या जनावराला पाणी ठेवावं का, हा प्रश्न तेव्हा खरोखर विचारला जात होता, आणि विचारणाऱ्याला मी निर्दयी म्हणणार नाही. डोक्यावर हंडा घेऊन रात्रभर रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला भूतदया शिकवणं हा उद्धटपणा आहे.

मामांचं उत्तर हिशोबाचं होतं. "पंधरा किलोच्या कुत्र्याला उन्हाळ्यात दिवसाला लिटरभर पाणी लागतं. धुणं धुतलेलं नव्हे, पण डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी चालतं. लातूरचं पाणी काय कुत्र्यांनी संपवलं? नदी आटली, बोअर हजार फुटांवर गेले, ते माणसानं केलं. माणूस आधी का जनावर आधी, हा प्रश्न लोक तेव्हाच विचारतात जेव्हा दोघांचंही तिसऱ्यानं नेलेलं असतं."

"मग आधी कोण?"

"माणूस आधी. यात मला शंका नाही. कुत्रं लेकराला चावलं तर मी लेकराकडं धावीन. चावतात ती गरिबांची लेकरं, उघड्यावर खेळणारी. रेबीज एकदा अंगात दिसायला लागला की माणूस वाचत नाही. तुम्ही प्राणीप्रेमी हे बोलायला कचरता. कचरू नका. पण माणूस आधी म्हणजे जनावर कधीच नाही, असं नसतं. आधी म्हणलं की नंतर कुणीतरी असतंच ना?"

मला वाटतं, निवाऱ्याच्या कामाचा पायाच या वाक्यात आहे. आम्ही नंतरच्यांसाठी आहोत. आणि मुलांना कुत्रं चावू नये यासाठी जे करायला हवं, म्हणजे लस आणि नसबंदी, तेच कुत्र्याच्याही भल्याचं असतं. इथं दोघांच्या हितात भांडण नाही. भांडण आहे ते फक्त खर्च आणि कष्ट कुणी करायचे याचं.

मी पुन्हा साखळीवर आले. मामा म्हणाले, "साखळी वाईट, हे तुझं बरोबर आहे. पण तुझं कारण चुकीचं आहे. तुला ती बघवत नाही म्हणून वाईट म्हणतीस. मुखेडचं काय झालं ते आठव."

ऑगस्ट 2025 मध्ये मुखेड तालुक्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला. हसनाळ, रावणगाव या गावांत रातोरात पाणी शिरलं, माणसं गेली, जनावरं गेली. मामांच्या ओळखीचे तिकडे बरेच. "पाणी शिरल्यावर मोकळं जनावर पोहतं, उंचावर जातं. खुंट्याला असलेलं जागेवर मरतं. दावणीला मेलेली म्हैस बघितलेला माणूस पुन्हा घट्ट गाठ मारत नाही. तेव्हा साखळी लावणार का, असं त्याला विचारू नको. ओढली की सुटेल अशी गाठ मारणार का, रात्री मोकळं सोडणार का, हे विचार. आणि त्याच्या आधी एक विचार, रानडुकरांसाठी कुंपणाला करंट सोडतोस का? सोडत असेल तर देऊच नको. किती कुत्री त्या तारेला चिकटून मेली, त्याची कुठं नोंद नाही."

आमच्या दत्तकाच्या अर्जात छापील प्रश्न बरेच आहेत. घर स्वतःचं की भाड्याचं, गॅलरीला जाळी आहे का, घरातल्या सगळ्यांची संमती आहे का. कुंपणाच्या करंटचा प्रश्न नाही. शेतातल्या कुत्र्याचं मरण कशानं येतं, हे अर्ज लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कधी आलंच नव्हतं.

आता उरला तो खरा पेच, आणि त्याच्यावर आमचं एकमत झालं नाही. मादीची नसबंदी साधारण सहा महिन्यांची झाल्यावर करतात. ती तीन महिन्यांची. आत्ता आखाड्यावर दिली आणि नसबंदी राहून गेली, तर वर्षाच्या आत तिथं पाच-सहा पिल्लं होतील. त्यातल्या नरांना मागणी येईल. माद्या पोत्यात जातील आणि पोतं रस्त्याच्या कडेला. म्हणजे मी वाचवलेल्या एकीमुळे आणखी तिघी मरायच्या. नसबंदी होईपर्यंत मीच ठेवली, तर माझ्या घरातली जागा अडते. पुढच्या वेताचा फोन येतो तेव्हा मला नाही म्हणावं लागतं.

"ठेव की," मामा म्हणाले. "एका जिवाचं पुरतं कर. अर्धं दहा जणांचं करण्यापेक्षा."

"मामा, सहा महिन्यांची झाल्यावर मी ती देऊ शकणार नाही. मला माहीत आहे. आणि मी ठेवून घेतली की सांभाळणाऱ्यांतलं एक घर कायमचं कमी झालं. दरवर्षी असंच होतं. चांगली माणसं एकेक पिल्लू ठेवून घेतात आणि कामातून जातात."

"जीव लावून देऊन टाकायचं, हे तुझ्या आईला पटत नाही म्हणे."

"नाही पटत. ती म्हणते, द्यायचंच तर जीव कशाला लावतीस."

मामांनी मग बटईचं सांगितलं. आपल्याकडे ज्याच्याजवळ भांडवल नाही तो दुसऱ्याची कालवड बटईनं घेऊन वाढवतो. वैरण त्याची, कष्ट त्याचे, पुढं विक्रीत किंवा वासरात वाटा. "आमच्या आजीनं आयुष्यभर बटईची जनावरं सांभाळली. एकही तिचं नव्हतं. जाताना प्रत्येकाला घास देऊन, हळदकुंकू लावून पाठवलं. आपलं नाही म्हणून तिनं कुणाला अर्धपोटी ठेवलं नाही, आणि जीव लावला म्हणून कुणाला अडवूनही ठेवलं नाही. तुझ्या आईला हे माहीत आहे. ती विसरली असंल."

"पण बटईत मूळ मालक असतो. परत द्यायला कुणीतरी असतं. हिचा मालक कोण?"

"कुणी नाही. म्हणून तर तुला अवघड जायलंय."

मी त्यावर विचार केला आणि माझं उत्तर असं आहे: ज्याला अजून कुणी उचललेलं नाही, त्याचं देणं माझ्यावर आहे. ही काळी माझ्याकडे वाचली ती घरात जागा मोकळी होती म्हणून, आणि ती जागा तिच्या आधीचं पिल्लू गेल्यामुळं झाली. आता ती जागा तिनं पुढच्यासाठी सोडायची. मामांना हे कोरडं वाटलं. एका जिवाला जागेचा हिशोब लावायचा नसतो, असं त्यांचं म्हणणं, आणि ते आजही तसंच म्हणतात. त्यांचं म्हणणं खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण थंडीत नालीत पडलेल्या पिल्लापाशी उभं राहून ते मला म्हणता येत नाही.

नसबंदीचा प्रश्न मात्र त्यांनीच सोडवला. "मुखेड काय लांब आहे? तारीख मी लक्षात ठेवतो. ती सहा महिन्यांची झाली की त्या माणसाला घेऊन मी तिला इथं उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आणतो. टाके सुकेपर्यंत माझ्या अंगणात राहील." अर्जावर सही घेण्यापेक्षा हे मला जास्त भरवशाचं वाटलं. शेतकऱ्याला अटी घालायच्या, तर त्या पाळायला मदत करणारा एक माणूस त्याच्या जवळपास नेमून द्यायला हवा. निवाऱ्याचे स्वयंसेवक शहरातच कशाला हवेत? निवृत्त पशुधन पर्यवेक्षक तालुक्या-तालुक्यात आहेत. त्यांना अजून कुणी विचारलेलं नाही.

पिल्लू आम्ही दिलं. शेतकऱ्यानं कुंपणात करंट नसल्याचं दाखवलं आणि रात्री मोकळी सोडीन म्हणाला. लसीचं कार्ड मामांनी स्वतःकडे ठेवलं आहे. राखणीला कुत्रं द्यायचं नाही हा नियम निवाऱ्यानं बदलावा, असं मी बैठकीत लेखी दिलं आहे. नुसत्या बंदीऐवजी चार अटी असाव्यात: कुंपणात करंट नको, सुटणारी गाठ, वर्षाला रेबीजची लस, आणि नसबंदीची जबाबदारी नावानिशी एकावर. तीन स्वयंसेवकांचा अजून विरोध आहे आणि त्यांची भीती साधार आहे, म्हणून चर्चा चालू राहील.

तोवर नांदेड-लातूरच्या वाचकांना विनंती एवढीच. भाद्रपदानंतर तुमच्या गल्लीतली कुत्री जड दिसू लागली तर जवळच्या निवाऱ्याला किंवा पशुवैद्यकीय दवाखान्याला आत्ताच कळवा, पिल्लं नालीत सापडण्याची वाट पाहू नका. आणि घरात दीड-दोन महिने एक कोपरा रिकामा ठेवता येत असेल तर नाव नोंदवा. ते पिल्लू कायम ठेवायचा आग्रह तुम्हाला कुणीही करणार नाही.