कीटभृंगन्याय आणि नीलवंत

पनवेलहून प्रबळगडाची चढण चढताना ओल्या मातीवर सोंड टेकून बसलेले, आणि ज्यांस २०१५ साली राज्य फुलपाखराची सनद मिळाली, ते काळेभोर नीलवंत काही आठवड्यांपूर्वी लिंबोणीच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखे पडून राहिलेले सुरवंट होते, हे मनास सहजी पटत नाही. अशाच रूपांतराचा दृष्टान्त म्हणून, कुंभारीण माशीच्या ध्यासाने अळीच माशी होते, असे आमचे वेदान्ती कीटभृंगन्यायात सांगत. वस्तुतः ती माशी अळीस डंखून पिलांच्या शिध्यासाठी मातीच्या घरट्यात कोंडते, म्हणजे दृष्टान्ताची दफ्तरी नोंदच चुकलेली. (न्याय मात्र मला अजूनही प्रिय आहे.) नीलवंताच्या कोशात दुसरे कोणी नसते, सुरवंटाचे बहुतांश शरीर विरघळते आणि त्याच द्रव्यातून पंख घडतात. मग देह टाकला कोणी, धारण केला कोणी? पायथ्याच्या लिंबोणीवर रेशमी धाग्याने कंबर बांधलेला हिरवा कोश दिसला. बोट लावताच तो किंचित हलला.